बटणाचं रूप कुणाच्या हातात?

रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास आपण या कार्यक्रमात ऐकतो. जातं झालं, शिलाई मशीन झालं, कुकर झाला. आजची वस्तू जरा वेगळी आहे. दिवसातून कितीतरी वेळा आपण ती दाबतो, पण ती हातात धरता येत नाही. आज बोलूया पडद्यावरच्या बटणाबद्दल.

खरं पाहिलं तर मोबाइलच्या पडद्यावर बटण नसतंच. काच सपाट असते. तिच्यावर एक रंगीत चौकोन उमटतो आणि त्यात 'पैसे पाठवा', 'पुढे जा' किंवा 'रद्द करा' असं लिहिलेलं असतं. तरी आपलं बोट बरोबर तिथेच जातं. कारण तो चौकोन बटणासारखा दिसावा म्हणून कुणीतरी त्याला रंग दिलेला असतो, कोपरे गोल केलेले असतात, खाली बारीक सावली टाकलेली असते. वेबसाइटच्या पानावर ही सजावट ज्या भाषेत लिहितात तिचं नाव सीएसएस, म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्स. तिचं वय तीस वर्षांच्या आसपास आहे.

एवढ्याशा चौकोनाचा इतिहास कशाला, असं कुणी म्हणेल. पण बचत गटांचं काम करताना आम्हा समन्वयकांना रोज दिसतं, की कर्जाचा अर्ज, विमा, मुलीची शिष्यवृत्ती, पापडाची ऑर्डर, सगळं शेवटी एका बटणापाशी येऊन थांबतं. पूर्वी जे काम सही करायची, अंगठा करायचा, ते काम आता बटण करतं. त्या बटणाचं रूप कुणी ठरवायचं, यावर तीन जणांचा दावा आहे. एक, यंत्र. दोन, पान बनवणारा. आणि तीन, बटण दाबणारी, म्हणजे तुम्ही आणि आम्ही. या तिघांतली ओढाताण हाच या बटणाचा इतिहास आहे.

सुरुवात पडद्याच्या आधीपासून करू. एकोणिसाव्या शतकात विजेची घंटा आली आणि तिच्याबरोबर भिंतीतलं बटण आलं. १८८८ साली अमेरिकेत कोडॅकचा कॅमेरा निघाला. तुम्ही फक्त बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो, अशा अर्थाची त्याची जाहिरात होती. आत काय चालतं ते माहीत नसलं तरी चालेल, एक कळ दाबली की काम होईल, हे बटणाचं वचन तेव्हापासूनचं. आपल्याकडे 'कळ' हा शब्द आहेच. कळ दाबली की दिवा लागतो. संगणकाच्या कीबोर्डलाही आपण कळफलक म्हणतो.

भिंतीतल्या बटणाची एक सोय होती. ते बोटाला लागायचं. दाबलं की आत जायचं, सोडलं की वर यायचं, कट् असा आवाज व्हायचा. अंधारातही चाचपून सापडायचं. बटण पडद्यावर गेलं तेव्हा हे सगळं हरवलं. मग जे बोटाला कळत होतं ते डोळ्याला दाखवणं भाग पडलं.

१९८४ साली ॲपल कंपनीचा मॅकिंतॉश संगणक आला. त्याचा पडदा काळा-पांढरा. त्यावरचं बटण म्हणजे गोल कोपऱ्यांचा पांढरा चौकोन आणि भोवती काळी रेघ. माउसने दाबलं की चौकोन काळा व्हायचा आणि अक्षरं पांढरी. एवढ्यावर माणसाला कळायचं, की दाबलं गेलं. पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये राखाडी बटण रुळलं. त्याची वरची आणि डावी कड उजळ, खालची आणि उजवी कड काळपट. उजेड वरून पडतो ही आपल्या डोळ्याची सवय असते, त्यामुळे ते बटण फुगीर दिसायचं. दाबलं की उजळ आणि काळ्या कडांची अदलाबदल व्हायची आणि तेच बटण आत गेल्यासारखं वाटायचं. चार रेघांवर डोळा फसायचा, पण ही फसवणूक आपल्या सोयीची होती.

आता वेबसाइटकडे येऊ. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा शहराजवळ सर्न नावाची भौतिकशास्त्राची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती बाहेरच्या लोकांसाठी खुली झाली. त्या पहिल्या पानांवर बटणं नव्हती. अक्षरं होती आणि काही शब्द दुवे होते. दुव्यावर गेलं की दुसरं पान उघडायचं. वाचायचं आणि पुढे जायचं, एवढंच. वाचणाऱ्याला काही भरून पाठवायचं असेल तर फॉर्म हवा, आणि फॉर्मच्या शेवटी तो पाठवण्याचं बटण हवं. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात मोझॅक नावाचा ब्राउझर तयार झाला. त्याने चित्रं आणि अक्षरं एकाच पानावर आणली, लवकरच फॉर्मही आणले. नोव्हेंबर १९९५ मध्ये पानं लिहिण्याच्या भाषेचे, म्हणजे एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम जाहीर झाले. त्यात फॉर्म पाठवण्याचं 'सबमिट' बटण पक्कं झालं.

हे बटण कसं दिसायचं ते यंत्र ठरवायचं. विंडोजवर विंडोजसारखं, मॅकवर मॅकसारखं. पान बनवणाऱ्याने फक्त त्यावरचे शब्द लिहायचे. याचा एक फायदा होता. जगातल्या कुठल्याही पानावर गेलात तरी बटण ओळखीचं. एसटीचं तिकीट जसं कुठल्याही डेपोत ओळखू येतं, तसं. तोटाही होता. दुकान असो की दवाखाना, सगळ्यांचं पान सरकारी कचेरीसारखं राखाडी. पान बनवणारे वैतागले होते. आमच्या पानाचा रंग आम्हाला ठरवू द्या, अशी त्यांची मागणी होती.

त्याच सुमारास सर्नमध्येच काम करणारे नॉर्वेचे होकून व्हियुम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी एक प्रस्ताव मांडला. पानात काय आहे ते एका जागी लिहा, आणि ते कसं दिसावं ते वेगळ्या जागी लिहा, असं त्यांचं म्हणणं. माणूस एक आणि त्याचे कपडे वेगळे, तसंच हे. एचटीएमएलने सांगायचं, हे शीर्षक, हा परिच्छेद, हे बटण. दिसण्याच्या वेगळ्या कागदाने सांगायचं, शीर्षक मोठं, परिच्छेद काळा, बटण निळं. कपडे बदलले म्हणून माणूस बदलत नाही. दहा पानांची वेबसाइट असेल तर दहा पानांत दहा वेळा रंग लिहायला नको, एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो.

त्या प्रस्तावात आणखी एक गोष्ट होती आणि आम्हाला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पानाचं दिसणं एकट्याने ठरवू नये, असं त्यात गृहीत होतं. बनवणाऱ्याचं म्हणणं आणि वाचणाऱ्याचं म्हणणं दोन्ही एकत्र करायचं. प्रत्येक नियमाबरोबर टक्के लिहायची सोयही सुचवली होती: या बाबतीत माझा आग्रह इतके टक्के आहे. 'कॅस्केड' म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारं पाणी. एका वरून एक नियम उतरत येतात आणि खाली पोचेपर्यंत त्यातून एक रूप तयार होतं. सुनेच्या हातचं, सासूच्या चवीचं आणि घरात कुणाला तिखट चालत नाही ते सांभाळून केलेलं कालवण असतं ना, तशी ती कल्पना.

टक्क्यांचा हिशेब व्यवहारात उतरला नाही. हॉलंडचे बर्ट बॉस ली यांच्याबरोबर आले. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्येच वेबचे नियम ठरवायला एक संस्था स्थापन केली होती, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम. त्या संस्थेने १७ डिसेंबर १९९६ रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत केली. तिच्यात टक्क्यांऐवजी पायऱ्या होत्या. वाचणाऱ्याचा नियम आणि बनवणाऱ्याचा नियम एकमेकांच्या विरुद्ध गेले, तर बनवणाऱ्याचा जिंकेल. दोघांनीही आपापल्या नियमावर 'महत्त्वाचं' असा शिक्का मारला, तरी बनवणाराच जिंकेल. दीड वर्षाने, मे १९९८ मध्ये, दुसरी आवृत्ती आली आणि तिने यातला एक निकाल उलटा केला. दोघांचाही शिक्का असेल तर आता वाचणाऱ्याचा नियम जिंकणार. ज्यांना कमी दिसतं, ज्यांना मोठी अक्षरं किंवा ठळक रंग लागतात, त्यांचा विचार करून हा बदल झाला. मैत्रिणींनो, एका तांत्रिक कागदातली ही एक ओळ. पण घरमालकापुढे भाडेकरूचा हक्क लेखी यावा तशी ती आहे.

नियम झाले, पण बटणाचं रूप लगेच बदललं नाही. ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांची आपसात चुरस होती. एकीत जे चालायचं ते दुसरीत चालायचं नाही. मग पान बनवणाऱ्यांनी पळवाट काढली. बटणाचं चित्रच काढायचं, अक्षरांसकट, आणि ते पानावर चिकटवायचं. माउसचा बाण वर आला की रंग बदलावा असं वाटलं तर दुसरं चित्र काढायचं आणि १९९५ साली आलेल्या जावास्क्रिप्ट या भाषेतून चित्रांची अदलाबदल करायची. म्हणजे दहा बटणांना वीस चित्रं. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, एकेक चित्र उतरायला वेळ लागायचा. चित्र आलं नाही तर बटणच नाही. अंध व्यक्तींसाठी पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. त्याला चित्रातली अक्षरं वाचता येत नव्हती. चित्रामागे शब्द लिहून ठेवले नसतील तर त्या माणसासाठी ते बटण मुकंच. बटण सुंदर झालं होतं, पण काही माणसांच्या हातातून निसटलं होतं.

१९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत याच्यावर उपाय होता. तिने बटणाच्या निरनिराळ्या अवस्थांना नावं दिली. माउसचा बाण नुसता वर आला, ती अवस्था 'हॉवर'. कळफलकावरची टॅब कळ दाबत दाबत आपण त्या बटणापर्यंत पोचलो, ती 'फोकस'. आणि दाबून धरलं तो क्षण 'ॲक्टिव्ह', ही पहिल्या आवृत्तीत दुव्यांसाठी होतीच. प्रत्येक अवस्थेत काय दिसावं ते एकेका ओळीत लिहिता येऊ लागलं. हॉवर असेल तर रंग जरा गडद. ॲक्टिव्ह असेल तर बटण किंचित खाली. फोकस असेल तर भोवती ठळक कड. वीस चित्रांचं काम तीन ओळींवर आलं. पण २००१ साली आलेला आणि पुढे जगभर पसरलेला इंटरनेट एक्स्प्लोरर सहा हा ब्राउझर हॉवर फक्त दुव्यांवर मानायचा, बाकी कशावर नाही. त्यामुळे कितीतरी वर्षं लोक दुव्यालाच बटणाचे कपडे घालत राहिले.

गोल कोपऱ्यांची कथाही अशीच. २००० साली ॲपलने ॲक्वा नावाचं नवं रूप आणलं. त्यातली बटणं पाण्याच्या थेंबासारखी, चकचकीत. सगळ्यांना तशीच हवी झाली. पण सीएसएसमध्ये तेव्हा कोपरा गोल करायची सोय नव्हती. चार कोपऱ्यांची चार चित्रं कापून चिकटवावी लागत. २००३ मध्ये डग्लस बोमन यांनी 'स्लाइडिंग डोअर्स' नावाची युक्ती प्रसिद्ध केली. सरकत्या दारासारखी दोन चित्रं एकावर एक ठेवायची, म्हणजे मजकूर लांब-आखूड झाला तरी कोपरे जागेवर राहतात, आणि अक्षरं चित्रात न अडकता खरी अक्षरंच राहतात. पुढे तिसऱ्या आवृत्तीत कोपरा गोल करणारा, सावली टाकणारा आणि रंगात रंग मिसळणारा असे सरळ नियम आले. २०११ च्या मार्चमध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर नऊनेही गोल कोपरे मानले. आता बटणाला चित्राची गरज उरली नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ट्विटर कंपनीतल्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांनी बूटस्ट्रॅप नावाचा सीएसएसचा तयार संच सगळ्यांना फुकट दिला. तयार ब्लाउजच्या कटिंगसारखा. मुख्य कामाचं बटण निळं, यशाचं हिरवं, धोक्याचं लाल. लाखो पानांनी तो वापरला आणि जगभरची बटणं पुन्हा एकसारखी दिसू लागली. सुरुवातीला यंत्रामुळे एकसारखी होती, आता बनवणाऱ्यांनी एकमेकांचं पाहून एकसारखी केली.

आपल्यातल्या बहुतेकींचा या इतिहासात प्रवेश होतो तो यानंतर, आणि तोही संगणकावरून नाही, मोबाइलवरून. २००७ साली आयफोन आला, मग बोटाने चालवायचे इतर फोन आले, स्वस्त झाले आणि गावोगाव पोचले. माउसचा बाण गेला, बोट आलं. आणि बोट 'नुसतं वर आणता' येत नाही. ते एक तर टेकतं किंवा टेकत नाही. त्यामुळे हॉवरवर उभी केलेली सगळी सजावट फोनवर निकामी झाली. बाणाचं टोक बारीक असतं, बोट जाड असतं आणि ते बटणावर ठेवलं की बटणच झाकतं. म्हणून ॲपलने बनवणाऱ्यांना सांगितलं, की बटणाची जागा निदान ४४ गुणिले ४४ पॉइंट ठेवा. भाकरी थापून, खुरपं धरून निबर झालेलं बोट कसं असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. दोन बारीक बटणं शेजारी शेजारी असली की आमच्या कित्येक सदस्या मुलाला हाक मारतात. आणि मुलगा बटण दाबतो तेव्हा व्यवहारही मुलाच्या हातात जातो. बटणाच्या आकाराचा आणि बाईच्या कारभाराचा असा सरळ संबंध आहे.

२०१३ साली आणखी एक फॅशन आली, सपाटपणाची. ॲपलच्या आयओएस सातमध्ये बऱ्याच बटणांची कड गेली, सावली गेली, उरले नुसते रंगीत शब्द. कुठला शब्द वाचायचा आणि कुठला दाबायचा, हे ओळखणं अवघड झालं. पुढच्या वर्षी मार्चमध्ये कंपनीने सेटिंगमध्ये 'बटण शेप्स' नावाचा पर्याय दिला. तो चालू केला की बटणं पुन्हा बटणासारखी दिसतात. वाचणाऱ्याला तिचा वाटा थोडा परत मिळाला.

या वाट्याची बाजू घेऊन लढणारेही पहिल्यापासून होते. ज्या संस्थेने सीएसएसचे नियम केले, तिनेच मे १९९९ मध्ये अपंग व्यक्तींना वेबसाइट वापरता याव्यात यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. डिसेंबर २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी आकडा घातला: साध्या आकाराची अक्षरं आणि त्यांच्यामागचा रंग यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ असा फरक हवा. फिक्या राखाडीवर पांढरी अक्षरं या कसोटीत नापास होतात. नुसत्या रंगावर अर्थ सोडू नका, हेही त्यात आहे. लाल-हिरवा फरक न कळणाऱ्या माणसाला लाल आणि हिरवं बटण सारखंच दिसेल, म्हणून शब्द हवेतच. ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत दाबायच्या जागेचं किमान माप आलं, २४ गुणिले २४ पिक्सेल. आपल्या बोटाच्या मानाने ते अजून लहानच आहे, पण निदान लेखी आहे.

याच संदर्भात एक छोटी घटना सांगण्यासारखी आहे. टॅब कळेने पान चालवणाऱ्याला आपण कुठल्या बटणावर आहोत ते दाखवणारी कड ब्राउझर आपणहून काढतो. कित्येक बनवणाऱ्यांना ती कुरूप वाटायची. २००७ साली एरिक मेयर या जाणकाराने ब्राउझरची सगळी मूळ सजावट पुसून कोरी पाटी देणारा एक संच प्रसिद्ध केला. त्यात ही कडही पुसली होती आणि शेजारी सूचना लिहिली होती, की तुमची स्वतःची कड घालायला विसरू नका. लोकांनी संच उचलला आणि सूचना विसरले. हात थरथरतात म्हणून माउस धरता येत नाही, अशा माणसासमोर मग फक्त पान उरायचं, आपण त्यात कुठे आहोत ते कळायचंच नाही. २०११ च्या नव्या आवृत्तीतून मेयर यांनी तो नियम काढून टाकला. आता 'फोकस व्हिजिबल' नावाचा नियम आहे. ज्याला कडेची गरज आहे त्याला ती दिसते, बाकीच्यांना नाही.

इथपर्यंत बनवणारा दाबणाऱ्याला विसरत होता. पुढचा भाग वेगळा आहे. त्यात तो तिला विसरत नाही, उलट तिच्यावर नीट लक्ष ठेवून असतो. जे नियम बटण स्पष्ट करतात तेच उलटे वापरले की बटण लपवता येतं. 'हो' ला भडक हिरवा रंग आणि पडद्याएवढी रुंदी. 'नको' ला फिकी राखाडी बारीक अक्षरं, कड नाही, सावली नाही. २०१० साली ब्रिटनचे हॅरी ब्रिग्नल यांनी या चलाखीला 'डार्क पॅटर्न' असं नाव दिलं आणि तिचे प्रकार गोळा करायला सुरुवात केली.

आमच्या गटांच्या बैठकीत या गोष्टी वारंवार निघतात. एकीने रिचार्ज करताना 'पुढे जा' दाबलं आणि न मागितलेला विमा गळ्यात पडला. एकीला एक सेवा बंद करायची होती, चालू करायचं बटण पहिल्याच पानावर होतं, बंद करायचं सापडेना. एकीने नकार द्यायला गेलं तर बटणावर लिहिलेलं, 'मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही'. यातल्या कुणीही अडाणी नव्हत्या. त्यांनी तेच केलं, जे त्यांच्याकडून व्हावं म्हणून ते पान रचलेलं होतं.

मराठी मुलखाला ही गोष्ट नवी नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कर्जरोखे हिसकावून जाळले. न वाचता आलेल्या कागदावर केलेले अंगठे त्यांच्या जमिनीवर उलटले होते. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि असे कागद गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावेत असं ठरलं. माणसाला समजल्याशिवाय त्याची संमती धरू नये, हा त्यामागचा विचार.

तोच विचार आता पडद्यापर्यंत आला आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्न रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. खोटी घाई लावणं, टोपलीत गुपचूप वस्तू घालणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणं, पडद्याच्या रचनेतून खरी माहिती झाकणं, हे त्यातलेच. रिझर्व्ह बँकेनेही सप्टेंबर २०२२ मध्ये मोबाइलवरून दिल्या जाणाऱ्या कर्जासाठी नियम केले. कर्जाआधी सगळ्या खर्चाचं एक माहितीपत्रक मिळालंच पाहिजे, आणि कर्ज घेतल्यावर ठरावीक दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून, दंडाशिवाय बाहेर पडता आलं पाहिजे.

कायदा आहे, पण बोट आपलं आहे. म्हणून आम्ही गटांच्या बैठकीत तीन सवयी लावतोय. पहिली, रंग न बघता शब्द वाचायचे. दुसरी, मोठं बटण दिसलं की दाबायच्या आधी पडद्यावरचं फिकं बटण शोधायचं, नकार बहुधा तिथे असतो. तिसरी, पैसे येणार आहेत असं सांगून कुणी यूपीआयचा पिन मागितला तर थांबायचं. पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी नाही. ग्राहक म्हणून फसवणूक झाली तर १९१५ या क्रमांकावर आणि ऑनलाइन पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करायचा.

आणि ज्या गटांना आपल्या मसाल्याचं, गोधड्यांचं पान बनवून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी. तिथे बनवणाऱ्या तुम्ही आहात, तेव्हा तिसऱ्या दावेदाराची आठवण ठेवायची. ऑर्डरचं बटण खरं बटण असावं, नुसता बटणाचे कपडे घातलेला चौकोन नको, म्हणजे वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते ओळखता येईल. अक्षरं मराठीत आणि ठळक. बोट मावेल एवढी जागा, शेजारच्या बटणापासून अंतर. दाबल्यावर काहीतरी बदललेलं दिसावं, नाहीतर गिऱ्हाईक दोनदा दाबतं आणि दोन किलोऐवजी चार किलो मसाल्याची ऑर्डर येते. आणि 'रद्द करा' हे बटण 'ऑर्डर द्या' इतकंच स्पष्ट. बनवणाऱ्या मुलाला वा मुलीला हे पाच मुद्दे कागदावर लिहून द्या आणि पान तयार झालं की ते आधी गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईच्या हातात द्या. तिने कुणालाही न विचारता ऑर्डर देऊन ती रद्दही करून दाखवली, की उरलेले पैसे चुकते करा.